पद्धत तीच, परिणाम उलटा

पुराव्याधिष्ठित समाजकार्याचा, अर्थात काटेकोर संशोधनाने परिणामकारक ठरलेल्या पद्धतीच वापरण्याचा आग्रह प्रत्यक्षात कोठे अडखळतो, हे अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या बालन्यायालयांत स्पष्ट झाले. १९९७ च्या कायद्यानंतर तेथे ‘फंक्शनल फॅमिली थेरपी’, म्हणजे गुन्ह्यात अडकलेल्या किशोरासह त्याच्या संपूर्ण कुटुंबाबरोबर काम करणारी उपचारपद्धती, राबवली गेली. परंतु २००४ च्या मूल्यमापनात कुशल समुपदेशकांकडील मुलांमध्ये गंभीर गुन्ह्यांची पुनरावृत्ती ३८ टक्क्यांनी घटलेली दिसली, तर अकुशलांकडे ती हा उपचार न मिळालेल्या मुलांपेक्षाही अधिक आढळली. साहजिकच पद्धतनिष्ठेची, म्हणजे मूळ आराखड्याबरहुकूम काम होते की नाही याची, देखरेख (अंदाजपत्रकात बहुधा हाच खर्च आधी कापला जातो) उपचाराचाच भाग मानावी लागली.