नांव गाण्यांत, हक्क कागदावर



गाणाऱ्यानें आपल्याच गाण्यांत आपलें नांव गुंफावें, ही चाल महाराष्ट्रास नवी नाहीं. संतांच्या अभंगांत आणि शाहिरांच्या लावण्यांत शेवटच्या चरणीं ही नाममुद्रा आढळते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत १९७३ सालीं उदय पावलेल्या 'हिप-हॉप' नामक कलेंतही गायक भर पद्यांत स्वतःचें नांव ठासून सांगतो. ठेक्याच्या आधारें यमकें जुळवीत झपाट्यानें बोलत जाणें, हें तिचें मुख्य अंग. त्यास 'रॅप' म्हणतात.

ही कला आतां आपल्या दारीं आली आहे. कुर्ल्याच्या 'नेझी' या तरुणानें २०१४ सालीं 'आफत' हें गाणें आयपॅडच्या साह्यानें तयार करून लोकांपुढें आणलें. मुंबईच्या 'स्वदेशी' या मंडळीनें २०१९ सालीं आरे येथील कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासमवेत 'द वारली रिव्होल्ट' काढलें. आमचा पालघर जिल्हा तर वारल्यांचाच मुलूख. तेव्हां हें गाणें परकें म्हणून झटकतां यावयाचें नाहीं.

ज्या काळीं गाण्याच्या तबकड्या निघत, त्या काळीं ध्वनिमुद्रणाचीं यंत्रें, कारखाना आणि विक्री हें सारें कंपन्यांच्या हातीं असे. आतां ध्वनिमुद्रण घरच्या खोलींत होतें. आणि वार्षिक वर्गणी अथवा उत्पन्नाचा हिस्सा घेऊन तें जगभरच्या श्रोत्यांपर्यंत पोंचविणारे वितरक मिळतात. अशा कलावंतास 'स्वतंत्र' म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु गाणें स्वतः प्रसिद्ध केलें, एवढ्यानें तें सर्वस्वीं आपलें ठरत नाहीं.

पाचूबंदरच्या कोळीबांधवांस ही गोष्ट चटकन् उमजेल. मासळीचे वांटे पाडतांना होडीचा, जाळ्याचा आणि खलाशांचा वांटा निरनिराळा धरण्याची कोळीवाड्यांतील जुनी रीत आहे. गाण्याचेंही तसेंच. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तीन निरनिराळ्या मिळकती होत. १९५७ च्या कायद्यानुसार, अन्य करार नसल्यास, शब्दांचा हक्क कवीचा आणि चालीचा संगीतकाराचा. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र ज्यानें तें करविण्याचा पुढाकार व जबाबदारी घेतली त्याचा, मग गळा कोणाचाही असो. हा शेवटचा हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून ६० वर्षें टिकतो. विसाव्या वर्षीं तो कायमचा लिहून देणारा मुलगा ऐंशीचा होईपर्यंत आपल्याच आवाजाचा मालक होत नाहीं.

शिवाय रॅपचा ठेका, ज्यास हीं मुलें 'बीट' म्हणतात, तो पुष्कळदां दुसऱ्याकडून घेतलेला असतो. त्यानें तो कायमचा विकला, कीं ठराविक वापरापुरता दिला, हें लेखी नसल्यास गाणें गाजल्यावर तंटा उभा राहतो.

२०१२ च्या दुरुस्तीनें कवि व संगीतकार यांस मोठा आधार दिला. त्यांनीं हक्क दुसऱ्यास दिला तरी रॉयल्टीचा समान वांटा त्यांचाच राहतो. वारस अथवा हक्कसंस्था यांवांचून तो कोणासही सोडून देतां येत नाहीं. १९६९ सालीं स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी अशी रॉयल्टी गोळा करून सभासदांस वांटते.

कंपनीशीं करार करणें हें कांहीं पाप नव्हे. 'डिव्हाइन' या नांवानें गाणारे व्हिव्हियन फर्नांडिस यांचें नेझीसह गायिलेलें 'मेरे गली में' २०१५ सालीं सोनी म्युझिकनें काढलें. पुढें २०१९ सालीं फर्नांडिस यांनीं 'गली गँग' ही स्वतःची संस्था उभारली. काय द्यावयाचें, किती वर्षांसाठीं आणि कशाच्या मोबदल्यांत, हें ज्यास ठाऊक तोच खरा स्वतंत्र.

पठ्ठे बापूरावांचें नांव त्यांच्या लावण्यांत अद्यापि दुमदुमतें. पण १९४५ सालीं ते निवर्तले ते विपन्नावस्थेंत. म्हणून घरांतील मुलगा यमकें जुळवीत बसला असेल तर त्यास हटकूं नका. मात्र करारपत्र पुढें आलें म्हणजे त्याच्याजवळ बसून तें अक्षर न् अक्षर वाचा. चार इयत्ता शिकलेल्या वडील मंडळींचा एवढा तरी उपयोग व्हावा.