शेतजमीन वाचवा, पण कायमची बंदी नको! स्विस मतदारांनी असा कौल का दिला?

गावात नवी घरं कुठे आणि किती बांधायची, हे स्वित्झर्लंडमध्ये थेट मतपेटीतूनही ठरतं. १ लाख सह्या जमवल्या, की राज्यघटनेतील बदलावर देशभर मतदान घेता येतं.

मार्च २०१२ मध्ये विषय होता सुट्टीपुरत्या वापरायच्या ‘सेकंड होम’चा. कोणत्याही गावात अशी घरं २० टक्क्यांहून जास्त नकोत, या प्रस्तावाला ५०.६ टक्के मतं मिळाली. अगदी काठावर पास!

वर्षभरानेच नियोजन कायद्यातील दुरुस्तीला मात्र ६२.९ टक्के पाठिंबा मिळाला. पुढच्या १५ वर्षांच्या गरजेपेक्षा जास्त जमीन बांधकामासाठी राखली असेल, तर ती कमी करा, असं ही दुरुस्ती सांगते. विरोधात गेलं ते एकटं वॅले राज्य. तिथे सुमारे ८० टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं. आल्प्समधल्या या पर्यटनाच्या राज्यात बांधकामाची जमीन गरजेपेक्षा कितीतरी जास्त होती. ती पुन्हा शेतीत गेली, तर भाव पडणार तो तिथल्याच मालकांचा. त्यामुळे हा राग समजण्यासारखा आहे.

२०१९ मध्ये बांधकामाची एकूण जमीन कायमची गोठवण्याचा ‘यंग ग्रीन्स’चा प्रस्ताव आला. तो ६३.७ टक्के मतांनी फेटाळला गेला. मग सहा वर्षांत लोक उलटले का? तसं म्हणता येणार नाही. २०१३ ची दुरुस्ती पुरेशी आहे, हाच या वेळी सरकारचा मुख्य मुद्दा होता.