लाटेला निरोप देण्याची कला

मराठी शिकवणाऱ्या माणसाने विद्युत्‌चुंबकीय लाटांच्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. पण पाहुण्याला आत घेणे आणि रीतसर निरोप देणे हा ज्याचा मुख्य विषय, ते शास्त्र घरगुतीच म्हटले पाहिजे!

आपल्या स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीच घ्या. तिच्यात मॅग्नेट्रॉन नावाचे उपकरण लाटा निर्माण करते, आणि त्या बहुधा धातूच्या एका पोकळ नळीतून अन्नापर्यंत येतात. हीच तरंगनळी. अशा नळीतून लाटा जाऊ शकतात हे लॉर्ड रॅले यांनी १८९७ साली गणिताने दाखविले. १९३६ साली साउथवर्थ आणि बॅरो या दोघा अमेरिकन संशोधकांनी आपापले प्रयोग स्वतंत्रपणे जगापुढे मांडले.

आता नळी घडविण्याआधी तिची परीक्षा संगणकावर होते. संगणक नळीचे बारीक तुकडे कल्पून हिशेब करतो. पण त्याची स्मृती मर्यादित, म्हणून नळी कोठेतरी कापावी लागते. त्या कापल्या तोंडावर जे 'पोर्ट' बसवितात, त्याला आपण उंबरठा म्हणू. सारी गोम तेथेच आहे. तोंड तसेच सोडले तर पुष्कळ प्रणाली तेथे धातूची भिंत आहे असे धरतात. लाट भिंतीवर आपटून परत फिरते, आणि तो खोटा प्रतिध्वनी नळीचाच दोष ठरतो. पडद्यावरचे रंगीत चित्र मात्र सुरेख दिसते!

उंबरठ्याची कामे दोन. पहिले स्वागताचे. ८६.३६ मिलिमीटर रुंद व ४३.१८ मिलिमीटर उंच अशा नळीत भट्टीची २.४५ गिगाहर्ट्झची लाट एकाच आकारात पुढे जाऊ शकते : रुंदीच्या दोन्ही टोकांना विद्युत्‌क्षेत्र शून्य, मध्यभागी सर्वांत अधिक, जणू वाळवणाच्या दोरीचा झोळ! लाट याच आकारात आत सोडली पाहिजे. दुसरे काम निरोपाचे. नळी पुढे अनंत पसरली आहे अशा थाटात, आलेली लाट मोजून घेऊन जाऊ द्यायची. परत पाठवायची नाही.

उंबरठ्याची जागाही महत्त्वाची. नळीत वळण किंवा खुंटी असली की तिच्या आसपास वेड्यावाकड्या लाटा उठतात. त्या दूर जात नाहीत. वरील नळीत एका रुंदीइतक्या अंतरावर त्यांचा जोर सुमारे शंभरावा हिस्सा उरतो. उंबरठा निदान तेवढा लांब हवा.

हे सारे जमले की नाही, हे कसे ओळखावे? प्रथम सरळ, रिकामी नळी घ्यावी : परतलेली लाट जवळजवळ शून्य आली पाहिजे. मग खुंटी बसवावी : नळीत शक्ती खर्च होत नसेल, तर परतलेली व पलीकडे पोचलेली शक्ती मिळून आत सोडलेल्या शक्तीइतकी भरावी. शेवटी उंबरठा थोडा मागे सरकवावा; परतलेल्या शक्तीचा आकडा बदलता कामा नये.

हा खटाटोप कशासाठी? परत फिरलेली शक्ती मॅग्नेट्रॉनला तापविते आणि त्याचे आयुष्य घटविते. तेव्हा आधी जमाखर्च जुळवावा, रंगीत चित्र मग पाहावे!