पोट सतत बिघडतंय, पण रिपोर्ट नॉर्मल? हे वाचा

गॅस, पोटफुगी, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ, आणि तपासण्यांत काहीच सापडत नाही. तरीही हा त्रास खरा असतो, 'मनाचे खेळ' नव्हे.

अशा वेळी मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात विकसित झालेला 'लो फॉडमॅप' आहार अनेकांना उपयोगी पडतो. फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट शोषली न जाणारी काही कर्बोदकं. ती पाणी ओढतात आणि मोठ्या आतड्यात आंबून गॅस करतात. कांदा, लसूण, गहू, राजमा आणि दूध हे त्यांचे नेहमीचे स्रोत.

🔸 २ ते ६ आठवडे हे पदार्थ बंद. भात, ज्वारीची भाकरी चालते.
🔸 मग एकेक पदार्थ थोडा थोडा खाऊन पाहा, वहीत नोंद ठेवा.
🔸 जो सोसतो, तो पुन्हा ताटात घ्या. कायमचं पथ्य नको.

लसणाची चव हवी? अख्ख्या पाकळ्या तेलात परता आणि काढून टाका. त्रास देणारा घटक तेलात उतरत नाही. हिंग घालणार असाल, तर लेबल वाचा; बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं.

गहू सोडण्याआधी गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या सीलिअ‍ॅक आजाराची रक्ततपासणी करा, नंतर ती फसवी येऊ शकते. शौचातून रक्त, घटतं वजन किंवा अ‍ॅनिमिया असेल, तर आधी डॉक्टर गाठा. हा प्रयोगही आहारतज्ज्ञांच्या मदतीनेच करा.