सांगाड्याचे शास्त्र

वेगवान मोटारीची योग्यता तिच्या अश्वशक्तीवरून ठरवण्याची जी सर्वसाधारण रीत आहे ती किती अपुरी आहे, याचा प्रत्यय मला जर्मनीतील आयफेल डोंगरांत, न्यूरबुर्गरिंगच्या शर्यतमार्गालगतच्या नागमोडी रस्त्यांवर, दोन मोटारींतून एकापाठोपाठ एक फिरताना आला. एक १९५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात प्रथम मांडली गेलेली मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल. दुसरी १९९० साली विक्रीस आलेली जपानची होंडा एनएसएक्स. दोहोंची इंजिने सहा सिलिंडरांची, सुमारे तीन लिटरांची. परंतु एकीचा जन्म इंजिनाच्या दारिद्र्यातून झाला, तर दुसरीचा त्याच्या श्रीमंतीतून.

३०० एसएलचे दार छतावरील बिजागरीवर वर उचलले जाते. प्रथम रुंद उंबरठ्यावर बसावे, मग पाय आत ओढून घ्यावेत. चालकासाठी स्टिअरिंगचे चाक खाली कलते करण्याची तजवीज आहे. हा सारा खटाटोप शोभेसाठी नव्हे. १९५२ च्या शर्यतींसाठी गाडी घडवताना मर्सिडीजचे अभियंते रुडॉल्फ उलेनहाउट यांच्या वाट्याला सलून मोटारीचे वजनदार इंजिन आले, तेव्हा त्याची भरपाई त्यांनी बारीक पोलादी नळ्यांच्या त्रिकोणी जाळीने केली, आणि ती जाळी ताठ राहावी म्हणून तिला दोन्ही कुशींनी इतके उंच न्यावे लागले की नेहमीच्या दाराला जागाच उरली नाही. त्याच वर्षी ती गाडी ले मांची शर्यत जिंकली. पुढे विक्रीच्या गाडीत पेट्रोल थेट सिलिंडरात फवारणारी बॉशची यंत्रणा बसवून शक्ती २१५ अश्वशक्तीपर्यंत वाढवली गेली. मागच्या चाकांचे झुलते आस मात्र कायम राहिले. म्हणूनच गाडीचे मालक प्रत्येक वळणाआधी, सरळ रस्त्यावरच, ब्रेकचे काम उरकून घेत आणि वळणात ॲक्सिलरेटरवरचा पाय तसूभरही हलू देत नसत. कारण तेथे पाय एकदम उचलला, तर चाके आत दुमडून गाडीची पिछाडी बाहेर फेकली जाण्याची धास्ती असते.

होंडाची परिस्थिती नेमकी उलट. १९८८ साली फॉर्म्युला वनच्या सोळांपैकी पंधरा शर्यती तिच्याच इंजिनांवर मॅक्लॅरेनने जिंकल्या होत्या. उणीव होती ती सांगाड्याच्या विद्येची. संपूर्ण ॲल्युमिनियमची, कायेलाच सांगाडा मानणारी ही मोटार १९८९ च्या आरंभी मॅक्लॅरेनचे शर्यतपटू आयर्टन सेना यांनी जपानमधील सुझुकाच्या शर्यतमार्गावर चालवली आणि ती नाजूक वाटते, असा स्पष्ट अभिप्राय दिला. तो शिरोधार्य मानून होंडाचे अभियंते शिगेरू उएहारा यांच्या पथकाने न्यूरबुर्गरिंगवर चाचण्या घेतल्या आणि सांगाड्याचा ताठपणा जवळजवळ निम्म्याने वाढवला. त्या परिश्रमांचे फळ आजही बैठकीत जाणवते. समोरचा डॅशबोर्ड इतका खाली आहे की रस्ता जणू पायांशी सुरू होतो. इंजिन पाठीमागे आडवे असून, मिनिटाचे फेरे सहा हजारांच्या जवळ येताच त्याचा आवाज एकाएकी खणखणीत होतो. आणि चालकाने वळणात पाय किंचित हलका केला, तेव्हा गाडीचे नाक थोडे आत वळले, एवढेच.

विचाराच्या धाडसासाठी मी ३०० एसएलला मानाचे पान देईन. परंतु यंत्र म्हणून एनएसएक्स अधिक परिपूर्ण आहे, हे निःसंकोच कबूल केले पाहिजे. पहिलीने सांगाड्याच्या बळावर इंजिनाची उणीव झाकली, पण चालकाला सदैव सावध राहण्याची ताकीद दिली. दुसरीने श्रेष्ठ इंजिन हाताशी असताही सांगाड्याचे शिष्यत्व पत्करले, आणि त्या शिक्षणाचा लाभ साध्या चालकालाही मिळवून दिला.