मंडपांतील गुणगुण आणि डी. आय. बॉक्स

यवतमाळचा दुर्गोत्सव साऱ्या विदर्भांत प्रसिद्ध आहे. नवरात्रांत शहरांतील मंडपांमध्यें देवीचीं भजनें होतात, जागरणें होतात, वाद्यवृंदहि रंगतात. अशा प्रसंगीं गायकाचा गळा उत्तम, तबला सुरांत लागलेला, आणि तरीहि कर्ण्यांतून ‘घूंऽऽ’ असा एक अखंड नाद निघत राहतो. गायक क्षणभर थांबला कीं तो अधिकच जाणवतो. ही गुणगुण कोठून येते व ती कशी घालवावी, हें जाणणें केवळ कानाच्या सुखासाठीं नव्हे, तर जिवाच्या रक्षणासाठींहि अगत्याचें आहे.

तबल्यासमोर माइक ठेवतां येतो. कीबोर्डची गोष्ट निराळी. त्याचा ध्वनि विजेच्या रूपांतच जन्मास येतो आणि तारेनें मिक्सरकडे न्यावा लागतो. या साध्या तारेंत मध्यें एक वाहक व भोंवतीं जाळीचें वेष्टण, इतकेंच असतें. पांच-सहा मीटरांपर्यंत ती ठीक चालते. परंतु मिक्सर मंडपाच्या दुसऱ्या टोंकास, तीस-चाळीस मीटरांवर असला, म्हणजे शेजारच्या दिव्यांच्या माळा व जनरेटरच्या तारा तिच्यावर आपला ठसा उमटवितात. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनें करते. खर्जांतला तो ‘घूं’ तिचाच.

दुसरें कारण याहून सूक्ष्म आहे. कीबोर्ड मंचावरील अ‍ॅम्प्लिफायरलाहि जोडलेला असतो. तो अ‍ॅम्प्लिफायर एका सॉकेटवर व मिक्सर दुसऱ्या सॉकेटवर चालतो. दोघांचें अर्थिंग जमिनीशीं जोडलेलें, आणि ध्वनीच्या तारेचें वेष्टणहि दोघांना जोडणारें. असें कडें पुरें झालें कीं त्यांतून अल्पसा प्रवाह फिरूं लागतो, आणि मिक्सर त्यालाहि संगीत समजून मोठें करतो.

यावरील तोड टेलिफोनच्या विद्येंत पूर्वींच सांपडली होती. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं १८८१ सालीं पीळ दिलेल्या जोडतारेचें पेटंट घेतलें. आजच्या माइकच्या तारेंतहि अशीच जोडी असते. तिच्या एका तारेंत ध्वनि सुलट, तर दुसरींत उलट. समजा, एकींत ध्वनीचा दाब अधिक १० व दुसरींत उणे १० आहे, आणि वाटेंत उपद्रवाचे ३ दोहींतहि सारखेच शिरले. टोंकाशीं १३ व उणे ७ पोंचतात. मिक्सर या दोहोंतील अंतर तेवढें घेतो. तें पूर्वींप्रमाणें २० च भरतें. उपद्रव आपोआप वजा होतो.

कीबोर्डची साधी तार व ही जोडतार यांची गांठ घालून देणारी लहानशी पेटी म्हणजे डी. आय. बॉक्स. ‘डायरेक्ट इंजेक्शन’ या शब्दांचीं हीं आद्याक्षरें. साध्या प्रकारच्या पेटींत एक ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या पहिल्या वेटोळ्याचे वेढे दुसऱ्याच्या सुमारें दहा-बारा पट असतात, म्हणून ध्वनीचा दाब उतरून माइकच्या तोडीचा होतो. दोन्ही वेटोळ्यांचा एकमेकांशीं स्पर्श नसतो; ध्वनि चुंबकत्वाच्या द्वारें पलीकडे जातो. पेटीवर ‘ग्राउंड लिफ्ट’ नांवाची कळ असते. तिनें वेष्टणाचा दुवा तुटतो आणि तें कडें मोडतें.

पेटी नेहमीं वाद्याजवळ ठेवावी; वाद्यापासून पेटीपर्यंत आंखूड तार, तेथून पुढें लांब जोडतार. तारा जोडतांना मिक्सरचा आवाज उतरवावा. गुणगुण आलीच, तर ती कळ सरकवून पाहावी. गिटार किंवा व्हायोलिनला चिकटविलेल्या पिकअपचा ध्वनि नाजूक असतो. त्यास मिक्सरच्या ४८ व्होल्टांवर अथवा बॅटरीवर चालणारी ‘अ‍ॅक्टिव्ह’ पेटी हवी. मात्र कीबोर्डच्या अ‍ॅडाप्टरांतच दोष असेल, तर पेटीचा इलाज चालत नाहीं. अ‍ॅडाप्टरच बदलावा लागतो.

आतां जिवाची गोष्ट. घाईच्या वेळीं कित्येक ठिकाणीं प्लगची तिसरी पिन काढून टाकतात किंवा अर्थिंगची तार तोडतात. कडें मोडतें, गुणगुण थांबते, आणि सर्वांना हायसें वाटतें. परंतु ती तार गुणगुणीसाठीं घातलेली नसते. यंत्रांत बिघाड होऊन वीज धातूच्या कवचांत उतरली, तर तिला जमिनींत नेऊन फ्यूज उडविणें हें त्या तारेचें काम. ती नसतां तीच वीज गिटारच्या तारांवर किंवा माइकच्या जाळीवर येऊन थांबते. परतीच्या पावसानें मंडपाची जमीन ओली असेल, गायकाचा एक हात गिटारवर असेल व ओठ माइकला टेकतील, तर तिला वाट त्याच्या देहांतूनच मिळते.

डी. आय. बॉक्सची कळ ध्वनीच्या तारेचा दुवा तोडते. विजेच्या अर्थिंगला ती हात लावीत नाहीं. हा भेद प्रत्येक मंडळाच्या कार्यकर्त्यानें ध्यानांत धरावा. मंडपाचा खर्च मांडतांना रोषणाईच्या एखाद्या माळेला फांटा देऊन अशा दोन पेट्या घ्याव्या, आणि प्लगच्या तिन्ही पिना शाबूत आहेत हें आरतीपूर्वीं एकदां स्वतः पाहावें.