अंगणांतील हरळी व तिचे सोबती

शेतांत जी हरळी शत्रु, तीच घरापुढें शोभा होय. परंतु तींत खंड न देतां ठाण मांडणारीं दोन तणें ओळखावीं. पहिला लव्हाळा. तो वरवर उपटल्यास पात तेवढी हातीं येते; मातींतील गांठी पुन्हां फुटतात. पावसानें जमीन मऊ होतांच वीतभर खणून, माळेसारख्या जोडलेल्या गांठी वेंचाव्या व उन्हांत कडकडीत वाळवाव्या. उकिरड्यांत टाकूं नयेत. दुसरें गाजरगवत. १९५५ च्या सुमारास पुण्यांत नजरेस आलेलें हें तण पुढें देशभर पसरलें. एकेक झाड हजारों बिया धरतें. स्पर्शानें कित्येकांच्या अंगास खाज व पुरळ उठतो. म्हणून फुलण्यापूर्वींच, हातांस फडकें गुंडाळून, तें मुळासकट उपटावें. अंगणांतील बीं वाऱ्यापाण्यानें शेतांत जातें. सबब दारची निंदणी ही पिकाचीच राखण समजावी.